राखाडी पडद्यावरचा खांदा

पडद्यावर मैदान नव्हतं. खांब नव्हते, चुन्याच्या रेघा नव्हत्या, ओळीत बसलेल्या मुलीही नव्हत्या. होता तो नुसता राखाडी रंग, आणि त्या राखाडीत दोन धुरकट ठिपके इकडून तिकडे पळत होते. मध्येच मागचा ठिपका विझायचा आणि थोड्या अंतरावर नवा ठिपका उगवून पळू लागायचा. भुताटकीच म्हणा ना.

"ही आपली मॅच हाय?" ईश्वरीने विचारलं. तिचा आवाज अगदी शांत होता, आणि ईश्वरी लोमटेचा आवाज शांत झाला की घरातलं मांजरसुद्धा उठून अंगणात जायचं.

"हाय गं ताई," तिची धाकटी बहीण केतकी म्हणाली. "म्हंजे... होती."

बोरजाई हे गाव धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटाच्या एका घडीत दडून बसलेलं. त्या काळी चंद्रावरच्या तळावरून रोजच्या बातम्या यायच्या, शेतावर फवारणीची ड्रोन घिरट्या घालायची. पण बोरजाईच्या मोबाइलला घाट चढल्याशिवाय रेंज मिळत नव्हती. त्यामुळे टीव्ही बघायचा तर उपग्रहाकडे तोंड करून बसवलेल्या छत्रीवरच. शाळेच्या गच्चीवर अशी एक मोठी छत्री होती आणि खाली प्रयोगशाळेत तिचा सेट-टॉप बॉक्स. त्याला सगळे डबाच म्हणत. डबा आलेला कार्यक्रम दाखवायचा आणि हवा असेल तर साठवूनही ठेवायचा.

बोरजाईच्या शाळेचा मुलींचा खो-खो संघ जिल्ह्यात नावाजलेला. ईश्वरी त्याची कर्णधार. पण यंदा साखळी सामन्यात काटेगव्हाणच्या संघाने त्यांना पाणी पाजलं होतं, आणि तेही एकट्या झीनत मुलाणीच्या जोरावर. झीनत पळायला उतरली, तिच्या सोबतच्या दोघी लवकर बाद झाल्या, पण ती डाव संपेपर्यंत कुणाच्या हाताला लागलीच नाही. आता रविवारी अंतिम सामना होता, पुन्हा काटेगव्हाणशीच. जिंकणारा संघ राज्य स्पर्धेला जाणार होता. ईश्वरी दहावीत होती, म्हणजे तिची ही शेवटची संधी. पुढच्या वर्षी वय उलटणार.

म्हणून त्या हरलेल्या सामन्याचं रेकॉर्डिंग सोन्यासारखं होतं. झीनत निसटते कशी, ते सगळ्या संघाने बसून बघायचं ठरलं होतं. आणि डबा सांभाळायचं काम सातवीतल्या केतकीकडे होतं. तिला खो-खोत पळता येत नव्हतं, पण यंत्रांशी तिचं चांगलं जमायचं.

"काय केलीस तू?" ईश्वरीने विचारलं.

केतकीने सांगितलं. काटेगव्हाणचा उपांत्य सामना रेकॉर्ड करायचा होता आणि डबा गच्च भरला होता. जागा करायला म्हणून तिने आपल्या सामन्याचं रेकॉर्डिंग उघडून आत काय काय आहे ते पाहिलं. आत असंख्य बारीक बारीक तुकडे, आणि ठरावीक अंतराने एकेक भलामोठा तुकडा. तिने एक मोठा तुकडा उघडला. मैदानाचं पूर्ण चित्र. दुसरा उघडला, पुन्हा तेच मैदान. तिसरा, तेच मैदान. तिला वाटलं, हे तर उगाच तेच तेच साठवलंय! तिने सगळे मोठे तुकडे पुसून टाकले. निम्मी जागा मोकळी झाली म्हणून ती खूश झाली, आणि त्या जागेत उपांत्य सामना रेकॉर्डही झाला.

"आता ते परत येत न्हाईत?"

"त्येंच्या जागेवर दुसरी मॅच बसली की गं."

"काटेगव्हाणवाल्यांनी केली आसंल की रेकॉर्ड. नायतर धाराशिवात कुणीतरी."

"त्येंच्या डब्यातली आपल्या डब्यात उघडत न्हाई, ताई. परतेक डब्याचं कुलूप येगळं आसतंय."

"तुला एकच काम दिलतं," ईश्वरी म्हणाली आणि निघून गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. केतकीला रडू आलं, पण तिने शर्टच्या बाहीने डोळे पुसले आणि ठरवलं, की या राखाडीतून काहीतरी निघाल्याशिवाय हा पडदा बंद करायचा नाही.

"परिस्थिती सकाळसारखीच," मागून आवाज आला. "फक्त एक मुलगी कमी आणि एका मुलीचे डोळे लाल."

हे गाठोडेकाका. गाठोडेकाका म्हणजे शाळेचा यंत्रमानव. खरं तर तो शाळेसाठी बनवलेला नव्हता. त्याची उमेदीची वर्षं गेली भूकेंद्रात, म्हणजे जिथून टीव्हीची चित्रं उपग्रहाकडे वर पाठवतात तिथे. तिथे तो एन्कोडर होता (चित्रं दाबून, आटोपशीर बांधून देणारं यंत्र). नवे एन्कोडर आले आणि त्याची रवानगी बोरजाईला झाली. मुलांनी त्याला गाठोडेकाका म्हणायला सुरुवात केली. जन्मभर गाठोडीच बांधली होती त्याने. पण जुनी खोड जाईना. जे बदललं तेवढंच सांगायचं, बाकीचं सांगायचंच नाही. मुख्याध्यापकांना तो सकाळी म्हणायचा, "कालच्यासारखेच. मिशा जरा कमी."

आज दिवसभर तो गच्चीवर वाऱ्याने सैल झालेले छत्रीचे नट आवळत होता. म्हणूनच तर केतकीचं फावलं होतं.

"काका," केतकी म्हणाली, "मी काय पुसलं ते मला नीट सांगा. सगळं सांगा. नुसतं बदललेलं नको."

"अवघड आहे. पण प्रयत्न करतो." गाठोडेकाका पडद्यासमोर येऊन बसला. "डोळे मीट. मी तुला एक सामना सांगतो. उजवीकडची उठली. तिने पलीकडच्या दोघींना सोडून तिसरीला खो दिला. तिसरी खांबाकडे गेली, वळली, शेजारणीला खो दिला. आता पळणारी कुठे आहे?"

"मला काय म्हाईत? आधी कोन कुठं बसलीय ते तर सांगा!"

"बरं. आठजणी ओळीत बसल्या आहेत, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. ईश्वरी चौथी. पळणारी उजव्या खांबापाशी." मग त्याने तोच सामना पुन्हा, शब्दाला शब्द तसाच सांगितला, आणि आता केतकीला मिटल्या डोळ्यांपुढे मैदान दिसू लागलं.

"टीव्हीवरचं हलतं चित्र म्हणजे एकामागून एक भरभर दाखवलेली स्थिर चित्रं," गाठोडेकाका म्हणाला. "सेकंदाला पंचवीस किंवा पन्नास. आणि एकेका चित्रात लाखो ठिपके. ते सगळे जसेच्या तसे पाठवायचे तर उपग्रहावर एकदोन वाहिन्यांनीच सगळी जागा अडवली असती, आणि तुमचा डबा एका सामन्यातच भरला असता. म्हणून कॉम्प्रेशन करतात (चित्रांची माहिती दाबून कमी जागेत बसवणं). मी तेच करायचो. आधी एक पूर्ण चित्र बांधायचं. त्याला आपण बीजचित्र म्हणू. त्यानंतरच्या चित्रांसाठी एवढंच सांगायचं: मागच्यासारखंच, फक्त हा तुकडा बोटभर उजवीकडे सरकव, आणि तिथे सावली थोडी गडद कर. ही झाली फरकचित्रं."

"म्हंजे ते बारके तुकडे फरकचित्रं व्हती," केतकी हळूच म्हणाली, "आनि मी पुसली ती बीजचित्रं."

"सगळी."

"पण सारकी सारकी कशाला पाठवायची बीजचित्रं? एकदा सांगितलं की झालं!"

"तू मध्येच टीव्ही लावलास तर? समजा तू वाहिनी बदललीस. आल्या आल्या तुझ्या हाती फरकचित्र लागलं. कशातला फरक?"

केतकी विचारात पडली. मग तिचे डोळे चमकले. "च्यानल बदललं की जरा येळ काळं दिसतंय! ते त्येच्यामुळं?"

"त्यामुळेच. डबा पुढच्या बीजचित्राची वाट बघत थांबलेला असतो. शिवाय पावसाने छत्रीचा संदेश तुटला, एखादा फरक हरवला, तर चूक पुढे पुढे वाढत जाते. पुढचं बीजचित्र आलं की पाटी कोरी. म्हणून दर सेकंदा-दोन सेकंदांनी एक पाठवायचंच. जागा खातं, पण त्याच्याशिवाय फरकांना उभं राहायला जमीन नाही."

केतकीला आपल्या हुशारीची आता चांगलीच लाज वाटली. पण तिच्या डोक्यात एक प्रश्न अजून होता. "मग आपला डबा काय करतोय? तो दाबत न्हाई का काही?"

"डबा काहीच दाबत नाही. वरून आलेलं गाठोडं तो तसंच्या तसं साठवतो आणि तू बघायला बसलीस की सोडतो. मात्र ते कसं बांधलंय हे त्याला माहीत असावं लागतं. त्या ठरलेल्या पद्धतीला फॉरमॅट म्हणतात. माझी पद्धत जुनी. मी सगळीकडे सारखेच चौकोन पाडायचो. नवे एन्कोडर मोकळ्या मैदानाला मोठा चौकोन लावतात, हातापायांना बारीक. त्यामुळे तेवढ्याच जागेत दुप्पट चित्रं बसतात. पण जुन्या डब्याला नवं गाठोडं सोडता येत नाही. मग घरोघरी नवे डबे आले, आणि मी इथे आलो."

केतकीने त्याच्या पत्र्याच्या दंडावर हात ठेवला.

"आणखी एक सांगतो," तो म्हणाला. बदल सोडून इतकं सगळं बोलायची त्याला आज चटकच लागली होती. "एकदा मी एका मिरवणुकीचं चित्रण बांधत होतो. सुरळीत चाललं होतं. आणि लोकांनी गुलाल उधळला. पडद्यावरचा एकूण एक ठिपका बदलला, आणि क्षणाक्षणाला बदलत राहिला. मागच्यासारखं असं काही उरलंच नाही. सगळंच बदललं, तर फरक काय सांगणार? माझी मती गुंग झाली. घरोघरी पडद्यावर नुसते चौकोन चौकोन दिसले."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर संघ प्रयोगशाळेत जमला. वाघमोडे मॅडमही आल्या. त्या संघाच्या प्रशिक्षक, आणि कधीकाळी याच शाळेच्या खेळाडू. हरलेला सामना बघता येणार नव्हता, निदान काटेगव्हाणचा उपांत्य सामना तरी बघावा म्हणून तो लावला. आणि सगळ्याजणी चक्रावल्या. त्या सामन्यात झीनत दुसऱ्याच मिनिटाला बाद झाली! सरळ, सोपा खो, आणि साध्याशा मुलीने तिला गाठलं.

"ही तर आपल्यासारकीच पळतीय," ईश्वरी म्हणाली. "मग आपल्यालाच का घावत न्हाई?"

मुली सरावाला निघून गेल्या. ईश्वरीने जाताना केतकीकडे बघितलंसुद्धा नाही.

केतकीने राखाडी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. आणि पुन्हा. खो-खो दाखवायला वाहिनीने एकच कॅमेरा उंच खांबावर घट्ट बसवला होता. तो हलत नव्हता, म्हणून मैदान हलत नव्हतं, म्हणून मैदान दिसतच नव्हतं. बसलेल्या मुली हलत नव्हत्या, म्हणून त्याही नव्हत्या. जिने खो दिला ती खाली बसली की विझायची. हे आता तिला कळत होतं, आणि कळल्यावर त्या भुताटकीची भीती गेली होती.

पण एक गोष्ट कळत नव्हती. पडद्याच्या मध्यावर, जिथे काहीच नसायला हवं, तिथे अधूनमधून एक बारीकसा डाग चमकून जायचा. केतकीने बाहीने पडदा पुसला. डाग पडद्यावर नव्हता. तिने रेकॉर्डिंग अगदी हळू चालवलं. डाग चमकला. त्याच्या पाठोपाठ झीनतचा ठिपका दिशा बदलून दूर पळाला. आणि मग, बरोब्बर त्या डागाच्याच जागी, नवी पाठलाग करणारी उगवली.

तिने पुढचा खो बघितला. आधी डाग, मग झीनत वळली, मग खो. पुढचा. तसंच.

"काका!" ती ओरडली. "बसलेलं मानूस हाललं तरच दिसतंय ना हितं?"

"फक्त हललं तरच."

"मग खो मिळायच्या आधीच कुनीतरी हालतंय! जिला खो मिळनार हाय तीच!"

ती तशीच मैदानाकडे धावत सुटली. मुली सरावात होत्या. केतकी कडेला उभी राहिली आणि या वेळी पळणाऱ्यांकडे बघायचंच नाही असं तिने ठरवलं. ती बसलेल्यांकडे बघत राहिली.

बोरजाईच्या संघाची एक जुनी रीत होती. खो बसणारीच्या पाठीमागून मिळतो, त्यामुळे तो कधी येणार हे तिला दिसत नाही. म्हणून पाठलाग करणारीने खो द्यायच्या आधी जमिनीवर टाच आपटायची. टाच जिच्या मागे वाजली तिने समजायचं, आता माझी पाळी. वाघमोडे मॅडम स्वतः याच टाचेवर शिकल्या होत्या. बोरजाईच्या मुली इतक्या झटकन उठतात कशा याचं सगळ्या तालुक्याला नवल वाटायचं.

टाच वाजली. चौथ्या चौकोनातल्या ईश्वरीचा उजवा खांदा किंचित खाली आला, बोटं मातीला टेकली. मग खो मिळाला आणि ती बाणासारखी सुटली.

आता हे सांगायचं कसं? कालच सगळं रेकॉर्डिंग घालवून बसलेली मुलगी आज कर्णधाराला तिची चूक दाखवायला आली, असंच सगळे म्हणणार. पण रविवार आठवला, आणि ती सरळ मैदानात शिरली.

"ताई, तुजा खांदा!"

"काय झालं खांद्याला?"

"खो यायच्या आधी खाली येतोय. सगळ्यांचाच येतोय, पन तुजा जास्त. झीनत तुमच्या पाठीकडं बगती. कुनाला खो जानार ते तिला तुमच्या आधी कळतंय. दुसऱ्या संगाला टाच न्हाई, म्हनून तितं ती बाद झाली!"

"काहीबी बोलू नको," ईश्वरी म्हणाली. "सात वर्सं झाली मी बसायलीय."

"मग बस आनि हालू नको. मॅडम, तुमी टाच मारा."

वाघमोडे मॅडमनी टाच आपटली. ईश्वरीचा खांदा खाली आला. सगळ्यांनी बघितला. दोघीतिघी फिसकन हसल्या आणि गप्प झाल्या, कारण ईश्वरीचा चेहरा उतरला होता. तिने पुन्हा टाच मारायला सांगितली. खांदा पुन्हा आला. तिसऱ्यांदा तिने दात आवळले, तरीही आला.

मॅडमनी आपल्याच टाचेकडे बघितलं. "मीच शिकवलं हे," त्या म्हणाल्या. "आन मला वाटायचं ही आपली ताकद हाय."

दोन दिवस मुलींनी न हलता बसायचा सराव केला. जमेना. टाच वाजली की अंग आपोआप तयार व्हायचं. टाच बंद करून पाहिली, तर उठायला उशीर व्हायला लागला आणि दोघींनी खो मिळायच्या आधीच उठून चूक केली. ईश्वरी रडकुंडीला आली. "माजं अंगच माजं ऐकंना," ती म्हणाली. केतकीशी ती एवढंच बोलली, पण बोलली.

केतकी प्रयोगशाळेत येऊन त्या राखाडी पडद्याकडे बघत बसली. एक डाग. एवढ्या मोठ्या पडद्यावर एकच डाग, म्हणून तर तो दिसतो. बाकीचं सगळं विझलेलं असतं म्हणून. आणि बाकीचं विझलेलं नसतं तर?

ती ताडकन उठली.

"ताई," घरी जाऊन तिने सांगितलं, "खांदा हालू दे. फकस्त तुजाच नगं. टाच वाजली की आठीजनींचा हालू दे. सगळंच हाललं तर झीनत काय वळकनार? गाठोडेकाकांवर गुलाल उदळला तवा त्येंचं काय झालं, तसं हुईल तिचं!"

ईश्वरी ताटावरून उठलीच. हात न धुताच तिने मॅडमना फोन लावला, आणि रेंज नाही हे लक्षात आल्यावर सरळ त्यांच्या घरी धावली. केतकी तिच्या मागे.

आपली पाळी नसताना खांदा झुकवायचा, पण उठायचं नाही, हेही काही सोपं नव्हतं. पण न हलण्यापेक्षा बरं. मुलींनी उरलेले दिवस पहाटे आणि संध्याकाळी तोच एक घोशा लावला. टाच वाजली की आठ खांदे एकदम खाली. सुरुवातीला सगळ्यांना हसू यायचं. मग हसू थांबलं.

रविवारी धाराशिवच्या मैदानावर झीनत मुलाणी पळायला उतरली तेव्हा केतकीने दोन्ही हातांनी कठड्याची जाळी धरून ठेवली होती. झीनत हलकीच, मजेत पळत होती. टाच वाजली. आठ खांदे खाली आले.

झीनत थबकली. क्षणभरच; पण तिचं पाऊल उचललं गेलं आणि कुठे टाकावं ते तिला कळलं नाही. खो गेला. तिने कशीबशी हुलकावणी दिली. पुन्हा टाच, पुन्हा आठ खांदे. झीनतची नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. आता ती अंदाजाने पळत होती, इतर कुणीही पळतं तशी. तिसऱ्या टाचेला ती वळली ती थेट चौथ्या चौकोनासमोरच. ईश्वरीला खो मिळाला, तिने एकच उडी घेतली आणि झीनतच्या पाठीला हात लावला.

बोरजाईने सामना एका गुणाने जिंकला. केतकी ओरडत होती की रडत होती हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. ईश्वरी जाळीपाशी आली आणि तिने जाळीतून बोटं घालून बहिणीची बोटं धरली.

राज्य स्पर्धेसाठी जिंकलेल्या संघात हरलेल्या संघातल्या दोघींना घ्यायची पद्धत होती. निवड झाली आणि पुढच्याच आठवड्यात झीनत सरावासाठी बोरजाईला आली. उंच, सावळी, मोठ्या डोळ्यांची. सराव संपल्यावर ती विचारत विचारत प्रयोगशाळेत पोचली.

"केतकी म्हंजे तू का? कसं वळकलं गं तुमी?"

केतकीने राखाडी रेकॉर्डिंग लावलं. धुरकट ठिपके पळू लागले. झीनत पुढे झुकून बघत राहिली.

"मला आसंच दिसतंय," ती पुटपुटली.

"म्हंजे?"

"पळताना. मला तोंडं दिसत न्हाईत, बसलेल्या पोरी दिसत न्हाईत. जे हाललं तेवढंच दिसतंय. मला वाटायचं सगळ्यांनाच आसं दिसतंय."

गाठोडेकाकाने मान वळवून झीनतकडे नीट बघितलं. "म्हणजे तू मनातल्या मनात गाठोडी बांधतेस," तो म्हणाला. "भूकेंद्रात अख्खी खोली भरून यंत्रं लागायची या कामाला."

मग तो केतकीला म्हणाला, की नुसता हललेला भाग दाखवणारा असा पडदा खो-खोलाच कशाला हवा? घाटातल्या दरडीवर कॅमेरा रोखून ठेवला, तर दगड कोसळायच्या कितीतरी आधी, तो जरासा सरकला तरी डाग चमकेल. केतकीच्या डोक्यात लगेच चक्रं सुरू झाली. शाळेमागची घाटवाट, तिथला तो कललेला कडा, जुना एक कॅमेरा. पण झीनतने तिचा दंड धरला होता.

"ते मागनं कर. तुमच्या डब्यात माजी सेमीफायनल हाय म्हनं, मी बाद झाले ती. तिच्यातली ती मोठाली चित्रं काडून दाव की मला. मी कुठं चुकीचं हालते ते मलाबी बघायचंय. राज्याला आता आपल्याला एकत्र खेळायचंय."

केतकीने रेकॉर्डिंग उघडलं. बारीक तुकडे, आणि ठरावीक अंतराने एकेक मोठा. तिचं बोट पुसण्याच्या खुणेपाशी जाऊन थांबलं.

"आदी नक्कल करून ठिवू," ती म्हणाली. "मग पुसू."